पाच पांडवांच्या गावात

रायपूरला १९३० साली पाच पांडव होते. सविनय कायदेभंगाची लाट इथवर आली तेव्हा गावाने आपल्या पुढाऱ्यांना ही नावं देऊन टाकली. वामनराव लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. समुद्र इथून शेकडो मैल लांब. तेव्हा रायपूरच्या सत्याग्रहींनी रसायनं एकत्र करून मीठ पाडलं आणि कायदा मोडला. मठाचे महंत आणि एक मौलाना यांना सख्खे भाऊ ठरवण्याची कल्पना ज्याच्या डोक्यात आली, त्याला गर्दीची नाडी अचूक कळत होती. हा पंडवानीचा, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याच्या परंपरेचा मुलूख. इथे ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही महाभारत तोंडपाठ असतं. पुढाऱ्याला एकदा भीम म्हटलं की त्याच्याबद्दल वेगळं पत्रक काढावं लागत नाही.

रायपूरच्या एका महाविद्यालयात जनसंवाद शिकवताना हे उदाहरण मी वर्षानुवर्षं देत आले. रूपकाने माणसं कशी बांधली जातात, धर्म आणि जात ओलांडून एक कुटुंब कसं उभं राहतं, हे सांगायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलं नाही. एका वर्षी महासमुंदकडच्या एका मुलीने मागच्या बाकावरून विचारलं, “मॅडम, फिर द्रौपदी कौन थी?” वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

कारण त्या वर्षांत रायपूरच्या रस्त्यावर बायका होत्या. डॉ. राधाबाई होत्या, केतकीबाई बघेल होत्या, फुलकुंवरबाई आणि रुक्मिणीबाई होत्या. विलायती कापडाच्या दुकानांसमोर धरणं धरायचं, पहाटे प्रभातफेरी काढायची, पकडल्यावर तुरुंगात जायचं, हे सगळं त्यांनी केलं. रोहिणीबाई परगनिहा तर अगदी कोवळ्या वयात तुरुंगात गेल्या. महासमुंदकडे तमोरा इथे १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला. तिथल्या दयावती नावाच्या मुलीने अधिकाऱ्याला कसं अडवलं ते त्या भागात अजून सांगतात. पण पाच पांडव म्हटल्यावर जागा पाचच राहतात, आणि त्या भरलेल्या होत्या. रूपक ज्यांना आत घेतं त्यांना मोठं करतं. बाहेर कोण राहिलं याची दाद ते कधीच घेत नाही.

राधाबाईंकडे मी या प्रश्नामुळे वळले. खरं तर आधीच वळायला हवं होतं, कारण त्या नागपूरच्या, आणि आमचं घराणंही नागपूरहूनच आलेलं. आजोबा कचेरीतल्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि तात्यापाऱ्यात स्थिरावले. आमच्या घरात लाखे आणि माधवराव सप्रे ही नावं देवघरातल्या टाकांसारखी होती. रोज उच्चार नसला तरी जागा ठरलेली. लाखेनगर, सप्रे शाळा ही गावातली ठिकाणंही आम्हाला घरचीच वाटत. राधाबाईंचं नाव मात्र मी घरात ऐकल्याचं आठवत नाही.

त्यांचा जन्म १८७५ चा. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच वैधव्य आलं. सुईणीचं काम शिकून त्या १९१८ मध्ये रायपूर नगरपालिकेत दाई म्हणून रुजू झाल्या. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. डॉक्टर ही पदवी त्यांना गावाने दिली, आणि ती इतकी पक्की बसली की आज सरकारी पाट्यांवरही त्या डॉ. राधाबाईच आहेत. गांधीजी १९२० च्या डिसेंबरात पहिल्यांदा रायपूरला आले, आणि राधाबाई चळवळीकडे ओढल्या गेल्या. १९३० पासून १९४२ पर्यंतच्या सत्याग्रहांत त्या होत्या, अनेकदा तुरुंगात गेल्या. सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन त्यांच्या मुलांना न्हाऊमाखू घालत. बायकांनी पडदा सोडावा म्हणून घरोघर फिरत. २ जानेवारी १९५० रोजी त्या वारल्या, आणि आपलं राहतं घर अनाथालयाला देऊन गेल्या.

वक्तृत्वाचा अभ्यास करणारा माणूस काही ठरावीक गोष्टी विचारतो. कोण बोललं, कुणापुढे बोललं, आणि ऐकणाऱ्याने का ऐकलं. राधाबाईंच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत सोपं आहे. जिथे घरचा पुरुषही जाऊ शकत नाही त्या खोलीत दाई जाते. ज्या घरात परक्या बाईचं बोलणं उंबऱ्याबाहेरून व्हायचं, तिथे ती थेट बाजेपर्यंत पोहोचते. पोर सुखरूप हातात दिलेल्या बाईने महिन्याभराने येऊन म्हटलं, की उद्या पहाटे प्रभातफेरीला ये, तर तिला नाही म्हणणं अवघड. व्यासपीठावरच्या वक्त्याला लोकांचा विश्वास भाषणातून कमवावा लागतो. हिचा आधीच कमावलेला होता. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायका त्या काळात मिरवणुकीत आल्या, हे रायपूरच्या चळवळीतलं मोठं आश्चर्य आहे. ते आश्चर्य चौकातल्या भाषणांनी घडवलं असेल यावर माझा विश्वास नाही. ते माजघरात घडलं.

आणि म्हणूनच त्याची नोंद नाही. राधाबाई त्या घरांत काय बोलल्या, कुठल्या युक्तिवादाने सासूला गप्प केलं, सुनेची भीती कशी घालवली, यातलं एक वाक्य माझ्या हाती लागलेलं नाही. त्यांच्या चरित्राचं अर्धं पान पुस्तकापुस्तकांतून फिरतं. पुस्तकं बदलतात, अर्धं पान तेच राहतं.

याला केवळ उदासीनता म्हणून चालणार नाही. आठवण जपण्याचे जे साचे आपण तयार केले, त्यांत बोलण्याला घरच नव्हतं. १९७२ च्या १५ ऑगस्टपासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. अट साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांची. सवलत चांगल्या हेतूने दिलेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर स्वातंत्र्यसैनिक म्हणजे तुरुंगाचा दाखला असलेला माणूस, हे समीकरण पक्कं झालं. मध्य प्रदेश सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांच्या सैनिकांच्या नोंदींचे खंड काढले, त्यांतही तोच साचा उतरला. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, शिक्षा किती, कुठल्या तुरुंगात. त्या खंडांची पानं उलटताना मला एक गोष्ट सारखी खुपत राहिली. पुरुषाच्या नोंदीतली पोकळी भरायला दुसरी साधनं असतात. त्याने वर्तमानपत्र काढलेलं असतं, त्याच्या भाषणावर खटला झालेला असतो, त्याच्या नातवाने स्मरणिका छापलेली असते. बाईच्या नोंदीला असा शेजार क्वचितच असतो. शिक्षेचे महिने तेवढे उरतात.

वर्तमानपत्रांनी तरी काय वेगळं केलं? जुन्या सभांच्या वृत्तांतात पुढाऱ्याचं भाषण दीड स्तंभ, आणि शेवटी बायकांनीही भाषणं केली अशा अर्थाची एक ओळ. गांधीजी बायकांच्या सभेत दागिने मागत आणि बायका ते काढून देत. रायपूरच्या आठवणींतही असे प्रसंग आहेत. बांगड्या आणि पाटल्या लक्षात राहिल्या, कारण त्या मोजता येतात. दागिना काढून देताना ती बाई काय म्हणाली, घरी गेल्यावर तिला काय ऐकावं लागलं आणि त्यावर तिने काय उत्तर दिलं, ते गेलं.

आपल्याकडे, म्हणजे मराठीत, काही आवाज थोडक्यात वाचले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला, आणि तिच्या निमित्ताने साऱ्या बायकांना झोडपणाऱ्या वर्तमानपत्रांना ताराबाईंनी भर कोर्टात उलटतपासणी घ्यावी तसं फैलावर घेतलं. पुस्तक नंतर विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा जवळजवळ शतक उलटून गेलं होतं. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा, जोतीरावांना लिहिलेली त्यांची पत्रंही हाताशी आहेत. म्हणून सावित्रीबाई आपल्याला बोलताना ऐकू येतात. शेणगोळ्यांच्या गोष्टीवर थांबायची गरज पडत नाही, निदान पडू नये. शाळेच्या भाषणस्पर्धेत अजूनही शेणगोळेच जास्त येतात, हा भाग वेगळा.

अमेरिकेत कार्लिन कोर्स कॅम्पबेल या विदुषीने १९८९ मध्ये ‘मॅन कॅनॉट स्पीक फॉर हर’ हा दोन खंडांचा ग्रंथ काढला. पहिल्या खंडात चिकित्सा, दुसऱ्यात स्त्रियांची मूळ भाषणं. मला त्या दुसऱ्या खंडाचं मोल जास्त वाटतं. तिथल्या वक्तृत्वाच्या अभ्यासक्रमात तोवर थोर वक्ते म्हणजे पुरुष, हे गृहीतच होतं. बायकांना त्यात का घेत नाही, असं विचारण्याआधी त्यांची भाषणं एका जागी असायला हवी होती. ती त्यांनी गोळा केली. काम कारकुनी वाटेल, पण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी राहिली.

रायपूरचा दुसरा खंड काढायचा म्हटला तर त्यात पहिलं पान कुणाचं असेल? मला गंमत वाटते ती ही, की छत्तीसगडच्या छापील साहित्यातला बाईचा सर्वांत गाजलेला युक्तिवाद एका पुरुषाने लिहिलेला आहे, आणि त्या बाईला नावही नाही. माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोलकरांबरोबर १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केलं. प्रकाशक वामनराव लाखे. हिंदी पत्रकारितेचा या मुलुखातला पाया तीन मराठी माणसांनी घातला. त्यात १९०१ मध्ये सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ छापून आली. हिंदीतली पहिली कथा कोणती या वादात तिचं नाव नेहमी पुढे असतं. जमीनदाराने गरीब विधवेची झोपडी बळकावली आहे. ती एक टोपलीभर माती न्यायला परवानगी मागते, आणि टोपली डोक्यावर चढवायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग एवढ्या मातीचं ओझं झेपत नसेल तर साऱ्या जमिनीचं जन्मभर कसं झेपेल, असा सवाल ती शांतपणे टाकते. कोर्टात हरलेली बाई अंगणात जिंकते. वाद कसा घालावा याचा हा धडा मी वर्गात अनेकदा वापरला आहे. प्रतिस्पर्ध्याला उपदेश करू नये, त्याच्या हातात टोपली द्यावी.

सप्रे यांना बायकांच्या शिक्षणाची कळकळ होती. १९११ च्या सुमारास त्यांनी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. तिथे शिकलेल्या मुलींनी पुढे काय लिहिलं, कुणाला पत्रं पाठवली, हे कुणी शोधलं तर त्या निनावी विधवेला काही खरी नावं मिळतील.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येते, कारण त्याचं एक उत्तर याच मातीत उभं आहे, अक्षरशः उभं. पंडवानीत दोन रीती. वेदमतीत बसून गायचं, कापालिकेत उभं राहून, फिरून, अंगाने सांगायचं. बायका गायल्या तर बसून गात. भिलाईजवळच्या गनियारीच्या, पारधी समाजातल्या तीजनबाई उभ्या राहिल्या. आजोबा ब्रिजलाल यांच्या तोंडून ऐकलेलं महाभारत त्यांनी किशोरवयात लोकांपुढे मांडलं, आणि गाण्यापायी त्यांना जातीबाहेर टाकलं गेलं. पुढे हबीब तनवीर यांनी त्यांची ताकद हेरली, दूरदर्शनवरच्या ‘भारत एक खोज’मधून त्या घराघरांत गेल्या. १९८७ मध्ये पद्मश्री, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१९ मध्ये पद्मविभूषण.

पुरस्कारांच्या यादीपेक्षा मला त्यांचा प्रयोग पाहताना एक दुसरीच गोष्ट जाणवली. पंडवानीत गाणाऱ्याच्या शेजारी रागी बसतो. त्याचं काम हुंकार भरण्याचं. कथेला ‘हव’ म्हणायचं, मध्येच प्रश्न टाकायचा, रंग चढवायचा. तीजनबाईंच्या हातातला तंबुरा भीमाची गदा होतो, अर्जुनाचं धनुष्य होतो, दुःशासनाचा उखडलेला हात होतो. आणि बाजूला बसलेला पुरुष प्रत्येक वाक्याला हो म्हणतो. गावच्या सभेत याच्या नेमकं उलट असतं. बोलणारे पुरुष, माना डोलावणाऱ्या बायका. रात्रभराच्या प्रयोगापुरती ही मांडणी उलटते, आणि हजार माणसं ते बिनतक्रार पाहतात. भीमही बाई, द्रौपदीही बाई, दोघांच्या वतीने न्याय मागणारीही बाई. रायपूरच्या पाच पांडवांचं रूपक ज्या परंपरेतून आलं, त्या परंपरेत बाईच्या तोंडी सगळं महाभारत आहे. रूपक उचलताना आपण तेवढं गाळलं.

इथे राधाबाईंच्या चरित्रातली एक गोष्ट मला अडवते. खरोऱ्यात त्यांनी किसबिन नाच बंद करवला, असं त्यांच्याविषयी अभिमानाने सांगतात. लग्नाकार्यात, सणासुदीला नाचायला आणल्या जाणाऱ्या बायकांची ही प्रथा. तिच्यातलं शोषण उघड होतं, ती मोडणं गरजेचं होतं, याबद्दल मला शंका नाही. तरी विचार येतो की त्या नाचणाऱ्या बायकांशी राधाबाई काय बोलल्या? त्या काय म्हणाल्या? नाच थांबल्यावर त्यांची चूल कशावर पेटली? राधाबाईंचे शब्द हरवले म्हणून मी हळहळते, आणि त्यांच्या कर्तृत्वाच्या त्याच ओळीत आणखी काही बायका मुक्या उभ्या आहेत. महाराष्ट्रात कलावंतिणींच्या आणि मुरळ्यांच्या बाबतीत सुधारकांनी जे केलं त्याचा हिशेब आता कुठे नीट मांडला जाऊ लागला आहे. छत्तीसगडमध्ये तोही मांडायला हवा, आणि राधाबाईंबद्दलचा आदर कमी न करता मांडता येईल.

सार्वजनिक आठवणीत बाईला शिरायची दारं थोडी आहेत. राणी, सती, माता. रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांचं उदाहरण घ्या. नागपूरकर भोसल्यांच्या वतीने त्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत छत्तीसगडचा कारभार पाहिला. मराठी आणि मोडी इथे रुजवली, दसऱ्याला सोनं वाटायची रीत आणली असं सांगतात. ते वारल्यावर एक पत्नी, उमाबाई, सती गेली. दुसरी, आनंदीबाई, जगली आणि तिने कारभार हातात ठेवला. कागदोपत्री सुभेदार महिपतराव दिनकर होते, खरी सत्ता आनंदीबाईंची होती. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सुभेदारांची नावं क्रमवार असतात, वर्षांसकट. आनंदीबाई पहिल्या सुभेदाराच्या नावाखाली एका वाक्यात येतात. प्रश्न सुभेदारांवर येतो. आम्ही रायपूरचे मराठी लोक भोसल्यांचं नाव अभिमानाने घेतो. त्यात दहा-बारा वर्षं इथला कारभार एका बाईच्या हुकमावर चालला, हे आमच्या भाषणांत मी अजून ऐकलेलं नाही.

आमच्या भाषणांबद्दल एक सांगून टाकते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बायका दिवेलागण झाली तरी थांबत नाहीत, इतकं बोलतात. उखाण्यात नवऱ्याचं नाव घेता घेता सासरला चार टोले हाणायचं कसब त्यांच्यात आहे. गणेशोत्सवाच्या मंचावर त्याच बायका स्वागतगीत गाऊन खाली उतरतात.

आणि आता माता. छत्तीसगड महतारीची मूर्ती जिल्ह्याजिल्ह्यांत उभी आहे. हिरवं लुगडं, हातात धान आणि विळा. २०२५ च्या ऑक्टोबरात रायपूरच्या व्हीआयपी चौकातल्या मूर्तीची मोडतोड झाली तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो खराच होता, मलाही वाईट वाटलं. त्या मूर्तीच्या हातातला विळा मात्र माझ्या मनातून जात नाही. धानाच्या रोपणीपासून मळणीपर्यंत शेतात वाकलेली बाई या राज्यात किती मजुरी मागते, कुणापुढे मागते आणि तिला काय उत्तर मिळतं, या गोष्टी मूर्तीपाशी चर्चेला येत नाहीत. २०२४ पासून महतारी वंदन योजनेत विवाहित बायकांच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये जमा होतात. लाभार्थी सुमारे ७० लाख. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांनाही मिळतात, अविवाहितेला मिळत नाहीत. हा पैसा घरात बाईचा शब्द थोडा जड करतो, हे मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात ऐकलं आहे, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही. पण चाळिशीतली अविवाहित शेतमजूर बाई महतारी होत नाही म्हणून वंदनातून वगळली जाते, हे रूपक थेट बँकखात्यापर्यंत पोहोचल्याचं उदाहरण आहे.

राधाबाईंच्या नावाने रायपुरात सरकारी मुलींचं महाविद्यालय आहे. अलीकडच्या काळात स्वस्तात तपासण्या करून देणाऱ्या एका राज्य योजनेलाही त्यांचं नाव दिलं गेलं. दाईच्या नावाने रक्त-लघवी तपासणी, ही निवड चांगलीच म्हणायची. निदान ती त्यांच्या कामाशी नातं सांगते. नाव दिल्यावर काम संपलं असं मात्र आपल्याला फार लवकर वाटतं.

मिनीमातांचं असंच झालं. दुष्काळात छत्तीसगड सोडून आसामच्या चहामळ्यांकडे गेलेल्या कुटुंबात १९१३ मध्ये जन्मलेल्या मीनाक्षी, म्हणजेच मिनीमाता, सतनामी पंथाचे गुरू अगमदास यांच्याशी लग्न होऊन इकडे आल्या. पतीच्या निधनानंतर त्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेल्या, छत्तीसगडच्या पहिल्या महिला खासदार झाल्या. त्यानंतर पुन्हा पुन्हा निवडून आल्या. अस्पृश्यता गुन्हा ठरवणाऱ्या १९५५ च्या कायद्यामागच्या प्रयत्नांत त्यांचं नाव घेतलं जातं. ११ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्लीजवळच्या विमान अपघातात त्या गेल्या. हसदेव नदीवरच्या बांगो धरणाला त्यांचं नाव आहे, स्त्रियांसाठी काम करणाऱ्यांना राज्याचा त्यांच्या नावाचा सन्मान दिला जातो. जयंतीला हार, पुण्यतिथीला हार. भाषणांत त्यांची करुणा, त्यांची ममता, दिल्लीतल्या घरी आल्यागेल्याला त्या कशा जेवू घालत. सगळं खरं असेल. सुमारे दीड तप संसदेत बसलेल्या बाईची आठवण काढताना तिच्या हातच्या जेवणाचा उल्लेख होतो आणि तिच्या भाषणाचा होत नाही, हे मला पटत नाही. वामनराव लाख्यांनी कुणाला काय जेवू घातलं, असं कुणी विचारत नाही.

राधाबाईंचे शब्द गेले ते गेले. तमोऱ्याच्या दयावतीचे गेले. आनंदीबाईंचे कदाचित मोडी कागदांत असतील, तर ते वाचायला मोडी जाणणारी माणसं लागतील, आणि ती महाराष्ट्रातच जास्त आहेत. नागपूर-पुण्याच्या मोडी वर्गांत शिकणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. रायपूर, बिलासपूर, दुर्गच्या मराठी घरांत आजी-पणजीची पत्रं, हिशेबाच्या वह्या, ओव्यांच्या चोपड्या असतील तर रद्दीत घालू नयेत. कुणा अभ्यासकाला दाखवाव्यात, निदान तिचं नाव आणि साल त्यावर लिहून ठेवावं.

मिनीमातांसाठी तर तेवढीही यातायात नको. लोकसभेच्या कामकाजाचे खंड छापलेले आहेत, संसदेच्या डिजिटल संग्रहात ते घरबसल्या उघडतात. त्यात सभासदाच्या नावाने शोधता येतं. पुढच्या ११ ऑगस्टला हार घालायला जाणाऱ्यांनी त्यातलं एक भाषण छापून बरोबर न्यावं आणि तिथे उभं राहून मोठ्याने वाचावं.